1985 ची प्रीमियर पद्मिनी की 2005 ची मारुती 800: ठाण्यात रोज चालवायला कोणती घ्यावी?

रोज चालवायची असेल तर मारुती, तीही एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी. 796 सीसीचं इंजिन, पुढे डिस्क ब्रेक, स्पेअर कुठेही मिळतात. पद्मिनीला 1089 सीसीचं इंजिन आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. पावसात साचलेल्या पाण्यातून गेलात की ड्रम ओले होतात, गाडी एका बाजूला ओढते. पुढे जाताना पेडल हलकं दाबत ते सुकवावे लागतात.

पद्मिनीचा खरा त्रास एप्रिल-मेमध्ये, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये. तिचा पेट्रोल पंप यांत्रिक, इंजिनलाच जोडलेला. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, कार्ब्युरेटरला (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) पेट्रोल पोचत नाही आणि गाडी बंद पडते. पंपावर ओलं फडकं ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग सुरू होते. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा (स्पार्कसाठी उघडझाप करणारे संपर्क) गॅप फीलर गेजने, म्हणजे मोजमापाच्या पातळ पट्ट्यांनी तपासा, साधारण 0.4 ते 0.5 मिमी. किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) ग्रीस नियमित हवंच, नाहीतर स्टिअरिंग जड होतं. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे पंपाचा डायाफ्राम (आतला लवचिक पडदा) आणि जुने रबरी पाइप लवकर खराब होतात. ते आधीच बदला.

मारुती घेताना गंज बघा. मॅट उचलून फ्लोअर दाबा, बॉनेट उघडून स्ट्रटच्या (पुढच्या सस्पेन्शनचा उभा शॉकअब्सॉर्बर) माथ्याजवळचा पत्रा तपासा. तिथे पत्रा कुजला असेल तर गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त असो. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते कळत नसेल तर घेतल्याबरोबर बदला.

दोन्ही गाड्या 15 वर्षांपुढच्या, तेव्हा आरसीचं नूतनीकरण झालंय ना, हे पैसे देण्याआधी पाहा.