मुठेकाठचं घर सोडावं का?

प्रश्न : आम्ही पुण्यात एकतानगरीत तळमजल्यावर राहतो. २५ जुलै २०२४ ला पहाटे घरात पाणी शिरलं. आता सगळ्या इमारतीनेच दुसरीकडे जावं, असं काही जण म्हणतात. सासूबाई ऐकत नाहीत. काय करावं? – एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : ताई, सासूबाईंवर रागावू नका. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत धरण फुटलं, तेव्हा माझ्या आत्याचं नदीकाठचं बिऱ्हाड वाहून गेलं. तिला गोखलेनगरला निसेन हटमध्ये, म्हणजे पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या अर्धगोल छपराच्या घरात, जागा मिळाली. छप्पर मिळालं, पण पेठेतल्या शेजारणी पांगल्या, आणि ते तिला शेवटपर्यंत सललं. म्हणून जायचं तर शेजार मोडू न देता, एकत्र जा. आणि पूर यायच्या आधी ठरवा; चिखल उपसताना घेतलेले निर्णय घाईचे असतात.

आधी इमारत निळ्या पूररेषेच्या आत आहे का, ते पाटबंधारे खात्याच्या नकाशावर बघा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, असं सांगतात. त्याने फसू नका. त्याचा अर्थ दरवर्षी ४ टक्के शक्यता. २५ वर्षांत एकदा तरी तो येण्याची शक्यता ६४ टक्के! खडकवासला धरणातून पाणी सुटलं की ते तुमच्या दारी यायला फार वेळ लागत नाही.

भाडेकरूंनाही बैठकीला बोलवा, त्यांना हमखास वगळतात. आणि नवी जागा बघायला सासूबाईंना सगळ्यात आधी न्या.