हरलेल्या यंत्राची पारख

प्रश्न : दिवाळीपूर्वी घर आवरताना माळ्यावरच्या खोक्यात 'सेगा ड्रीमकास्ट' हा व्हिडिओ गेमचा कन्सोल सापडला. धाकट्या काकांनी तो २००० साली न्यू जर्सीहून आणला होता आणि आम्ही भावंडे दोन उन्हाळी सुट्ट्या त्याच्यावर तुटून पडलो होतो. माझा मुलगा सांगतो की हा कन्सोल बाजारात सपशेल आपटला आणि त्यापायी कंपनीने कन्सोलचा धंदाच सोडला. तरीही जाणकार त्याचे नाव आदराने घेतात. गिऱ्हाइकांनीच नाकारलेल्या वस्तूला उत्तम म्हणणे म्हणजे निव्वळ आठवणींची माया नव्हे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आठवणींची माया त्यात नाही असे मी म्हणणार नाही, पण आपल्या प्रश्नातील 'गिऱ्हाइकांनीच नाकारलेल्या' हे शब्द मात्र तपासून घ्यायला हवेत. ड्रीमकास्ट २७ नोव्हेंबर १९९८ रोजी जपानमध्ये आणि ९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत विक्रीस आला, ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने त्याचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, आणि एवढ्या अल्प आयुष्यात त्याचे सुमारे ९१ लाख नग खपले. अमेरिकेत तर पहिल्याच दिवशी सव्वादोन लाखांच्या आसपास विक्री झाली होती. एखादी वस्तू कोणी घेतच नाही आणि एखादी वस्तू खपूनही तिच्या निर्मात्याला पुरत नाही, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि ड्रीमकास्टची कथा प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारची आहे.

त्याच्या अपयशाची मुळे त्याच्या जन्माआधीची आहेत. सेगाने १९९४च्या अखेरीस अमेरिकेत आपल्या जुन्या 'जेनेसिस' कन्सोलवर बसवायचे '३२एक्स' नावाचे जोडयंत्र विकले, आणि ज्यांनी ते हौसेने घेतले त्यांच्यासमोर अवघ्या सहा महिन्यांत 'सॅटर्न' हा संपूर्ण नवा कन्सोल आणून ठेवला. सॅटर्नची तारीख सप्टेंबर १९९५ अशी जाहीर झालेली असताना मे महिन्यात एका प्रदर्शनात 'तो आजपासूनच विक्रीस आहे' असे सांगण्यात आले, तेही निवडक दुकानांतच. त्यामुळे वगळले गेलेले दुकानदार दुखावले आणि गेम बनवणाऱ्या कंपन्यांचे गेम तयारच नव्हते. सॅटर्नची किंमत ३९९ डॉलर होती, आणि त्याच प्रदर्शनात सोनीने आपल्या प्लेस्टेशनची किंमत २९९ डॉलर असल्याचे सांगून टाकले. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने पुढे ताकही फुंकून प्यावे, तसे दुकानदार, गेम बनवणारे आणि गिऱ्हाईक असे तिघेही ड्रीमकास्टकडे पाहत होते. अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलचे लोकप्रिय गेम बनवणारी 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' ही बलाढ्य कंपनी तर ड्रीमकास्टसाठी एकही गेम करायला तयार झाली नाही. त्यात हा कन्सोल १९९ डॉलरला, म्हणजे तोटा सोसून विकला जात होता. हा तोटा पुढे गेमच्या विक्रीतून भरून निघेल असा हिशेब होता, परंतु तेवढा दम कंपनीच्या तिजोरीत उरला नव्हता. अखेरीस अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी कंपनीकडे असलेले आपले कर्ज माफ केले आणि स्वतःचे समभागही परत दिले. या सर्वांची किंमत जवळजवळ ७० कोटी डॉलर होती. मार्च २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. सेगा वाचली आणि इतरांच्या कन्सोलसाठी गेम बनवू लागली; ड्रीमकास्ट मात्र गेला.

आता यंत्राविषयी. सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर होते आणि त्यांना एकत्र राबवताना प्रोग्रॅमर मेटाकुटीस येत. ड्रीमकास्टच्या रचनाकारांनी त्यातून धडा घेऊन हिताचीचा २०० मेगाहर्ट्झचा एकच प्रोसेसर घेतला आणि चित्रे रंगवण्यासाठी त्याला 'पॉवरव्हीआर' या ब्रिटिश घराण्याची चिप जोडली. ही चिप पडद्याचे लहान लहान चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनात कोणती वस्तू कोणाच्या मागे झाकली जाणार हे आधी ठरवते आणि जेवढे डोळ्यांना दिसणार तेवढेच रंगवते. भिंतीमागचे झाड रंगवण्यात कष्ट वाया घालवायचे नाहीत, ही युक्ती काटकसरीची होती. आणि काटकसरीचीच गरज मोबाइल फोनला असल्यामुळे याच घराण्यातील चिप पुढे २००७च्या पहिल्या आयफोनमध्येही बसली. ज्या यंत्राला आपण हरलेले म्हणतो त्याचे गोत्र असे दूरवर पसरलेले आहे.

कन्सोलच्या पोटातच बसवलेला मोडेम हे त्याचे दुसरे वैशिष्ट्य. डिसेंबर २००० मध्ये जपानमध्ये आलेल्या 'फँटसी स्टार ऑनलाइन' या गेममध्ये चौघे अनोळखी खेळाडू टेलिफोनच्या तारेवरून एकत्र येऊन मोहिमेवर निघत, आणि त्यांची भाषा एक नसेल तर तयार शब्दांच्या यादीतून वाक्य जुळवल्यावर ते समोरच्याला त्याच्या भाषेत दिसे. त्या काळी आपल्याकडे इंटरनेट जोडताना मोडेमचा किंचाळा ऐकत आणि घरचा फोन अडवून ठेवल्याबद्दल वडिलांची बोलणी खात बसलेल्या पिढीला या कल्पनेचे धाडस वेगळे सांगायला नको.

कंट्रोलरच्या खाचेत बसणारे मेमरी कार्डही असेच. त्याला ४८ बाय ३२ ठिपक्यांचा इवलासा पडदा होता आणि स्वतःची बटणे होती. अमेरिकन फुटबॉलच्या गेममध्ये पुढची चाल त्या पडद्यावर निवडता येई, म्हणजे शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला टीव्हीवर काही कळत नसे. पत्त्यांचा डाव हातात धरून खेळण्याची मजा टीव्हीच्या खेळात आणणारी ही कल्पना मला आजही त्या यंत्रातील सर्वांत चतुर कल्पना वाटते, जरी त्या कार्डाची बटणासारखी दोन सेल भराभर संपत आणि मग कन्सोल सुरू करताना ते केकाटत असे.

गुणगान करायचे तर दोषही सांगितले पाहिजेत. चकती फिरताना या कन्सोलची घरघर शेजारच्या खोलीत ऐकू जाते. कंट्रोलरची वायर वरून निघण्याऐवजी खेळणाऱ्याच्या बाजूने निघते, हे का, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही. अंगठ्याने फिरवायची दांडी एकच आहे, त्यामुळे चालणे एका हाताने आणि पाहणे दुसऱ्या हाताने, अशा गेममध्ये तो तोकडा पडतो. सर्वांत गंभीर चूक नकलीच्या बाबतीत झाली. गेमसाठी सुमारे एक गिगाबाइटची खास चकती निवडली होती, जेणेकरून घरी नक्कल करता येऊ नये. पण गाण्यांसोबत चित्रे दाखवणाऱ्या सीडींसाठी एक दार उघडे ठेवले गेले, आणि २००० साली त्याच दारातून नकली गेम आत शिरले. घरफोडी व्हायला मागचे दार उघडे राहणे पुरेसे असते.

तेव्हा पारख करायची ती कशावरून? मी गेमवरून करीन. 'सोलकॅलिबर' हा तलवारबाजीचा गेम आर्केडमधून, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांवरून, घरी आला तो मूळ आर्केडपेक्षा देखणा होऊन. तोवर घरची आवृत्ती म्हणजे आर्केडची फिकी छाया असेच समीकरण होते. 'जेट सेट रेडिओ'ने त्रिमिती आकृत्यांना हाताने काढलेल्या चित्रासारख्या काळ्या कडा आणि सपाट रंग दिले, आणि म्हणूनच त्या काळातील पुष्कळ 'वास्तवदर्शी' गेम आज केविलवाणे दिसत असताना तो ताजा वाटतो. सेगाचे गेम-रचनाकार यू सुझुकी यांच्या 'शेनम्यू'मध्ये १९८६ सालचे जपानमधील योकोसुका शहर उभे आहे. वडिलांच्या खुन्याचा शोध घेणारा नायक ठरलेल्या वेळीच उघडणाऱ्या दुकानांत चौकशा करतो, यंत्रात १०० येन टाकून खेळणी काढतो आणि पुढे बंदरावर फोर्कलिफ्ट चालवण्याची नोकरी करतो. काहींना हे कंटाळवाणे वाटते, आणि त्यांचे अगदीच चुकते असेही नाही. परंतु एका शहराचा दिवस खेळाडूच्या घाईसाठी थांबत नाही, ही गोष्ट इतक्या हट्टाने त्याआधी क्वचितच कोणी मांडली होती.

प्रश्न : ड्रीमकास्टमध्ये डीव्हीडी चालत असती तर तो तगला असता का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मला तसे वाटत नाही. मार्च २००० मध्ये जपानमध्ये आलेला प्लेस्टेशन २ अनेक घरांत आधी चित्रपट पाहण्यासाठी घेतला गेला हे खरे, आणि पुढे तो साडेपंधरा कोटींहून अधिक खपला. परंतु १९९८ साली डीव्हीडीचे भाग महाग होते. ते घातले असते तर १९९ डॉलरची किंमत राखता आली नसती, आणि कमी किंमत हेच सेगाच्या हातातले मुख्य शस्त्र होते. शिवाय दुखावलेले दुकानदार आणि रिकामी तिजोरी यांवर डीव्हीडी हा उतारा नव्हता.

प्रश्न : काकांचा तो कन्सोल पुन्हा सुरू करायचा आहे. काय काळजी घ्यावी?
— नाशिकचेच वाचक

उत्तर : प्रथम एक कळकळीची विनंती : तो थेट आपल्या भिंतीवरच्या प्लगला लावू नका. अमेरिकन ड्रीमकास्ट ११० ते १२० व्होल्टचा आहे आणि आपल्या २३० व्होल्टवर त्याचा पॉवर सप्लाय जळेल. काकांनी तेव्हा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला असेल तर तो त्याच खोक्यात शोधा. नसल्यास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात नवा मिळेल. सुरू होताच तो दर वेळी तारीख विचारू लागला तर घाबरू नये. घड्याळाची बॅटरी मेली एवढाच त्याचा अर्थ. ती आतल्या सर्किटच्या पट्टीवर डाग देऊन बसवलेली असते, तेव्हा सोल्डरिंग येणाऱ्याकडूनच बदलून घ्यावी. खेळता खेळता कन्सोल आपोआप पुन्हा सुरू होत असेल तर बहुधा पॉवर सप्लाय आणि मुख्य पट्टी जोडणाऱ्या पिनांवर गंज चढलेला असतो. प्लग काढून त्या पिना साफ केल्या की दुखणे बरेचदा जाते. कंट्रोलर चारही खाचांत मुका राहिला तर पुढच्या पट्टीवरचा फ्यूज तपासून घ्यावा. चित्रासाठी शक्य असल्यास व्हीजीए, म्हणजे संगणकाच्या मॉनिटरची, जोडणी वापरा, कारण पुष्कळ गेम तिच्यावर विलक्षण स्वच्छ दिसतात. आणि चिरंजीवांना आधी 'सोलकॅलिबर' लावून द्या. 'शेनम्यू' पावसाळ्यातल्या एखाद्या लांब रविवारासाठी राखून ठेवा.