जेजूला दोन दिवसांसाठी जावं का? – जरूर जा, पण आधी तिथला दगड समजून घ्या

तुम्ही विचारलंय की सेऊलला ऑफिसच्या कामाने जातेय, वीकेंडला जेजू करू का की ते नुसतं हनिमूनवाल्यांचं बेट आहे. करा की! विमानाने जेमतेम तासाभराचं अंतर. हनिमूनचा शिक्का खरा आहे, कारण १९८९ पर्यंत कोरियन माणसाला फिरायला म्हणून परदेशी जाणं सोपं नव्हतं, मग नवी जोडपी सगळी इथेच यायची.

बेट गोव्याच्या निम्मं, साधारण १,८५० चौरस किमी, आणि मधोमध हाल्लासान, १,९४७ मीटर, दक्षिण कोरियातला सगळ्यात उंच डोंगर. सगळं बेटच ज्वालामुखीचं, आणि खरी गंमत इथे आहे. पाऊस चिक्कार पडतो पण दगड असा सच्छिद्र की पाणी वर थांबतच नाही, आत मुरतं आणि पार समुद्रकाठी झऱ्यातून बाहेर येतं, म्हणून ओढे वर्षातला बराच काळ कोरडे आणि मोठी वस्ती सगळी किनाऱ्याला. भात जवळजवळ नाहीच, जुनं खाणं म्हणजे सातू नि राळे. शेताला काळ्या दगडांचे बांध, आपल्या कोकणातल्या गडग्यांसारखे, चुना-माती न लावता रचलेले, फटी मुद्दाम ठेवलेल्या, वारा त्यातून निघून जातो म्हणून भिंत पडत नाही.

जमीन अशी कंजूष, म्हणून बायका समुद्रात. हेन्यो म्हणतात त्यांना, ऑक्सिजनची टाकी न लावता नुसता दम धरून खाली जायचं आणि शंख, समुद्री शेवाळ वगैरे घेऊन वर यायचं, वर आल्यावर श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो तो एकदा ऐकाच. २०१६ ला युनेस्कोच्या यादीत गेल्या, पण आता बहुतेक जणी साठी-सत्तरीच्या पुढच्या आणि नव्या मुली फार येत नाहीत. १९३२ मध्ये याच बायकांनी जपानी राजवटीविरुद्ध मोर्चे काढले होते हे मात्र टूर गाइड सहसा सांगत नाही.

पूर्वी हे ताम्ना नावाचं वेगळं राज्य होतं, ११०५ ला कोरियाच्या कोर्यो घराण्यातल्या राजांनी पूर्ण ताब्यात घेतलं, मग मंगोल आले नि घोडे सोडून गेले (घोडे अजून आहेत), पुढे चोसन घराण्याच्या काळात राजाची मर्जी गेलेल्यांना हद्दपार करायची जागा, आणि १६२९ पासून जवळपास दोनशे वर्षं बेटावरच्यांना बेट सोडायलाच बंदी!

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते १९४८ बद्दल. ३ एप्रिलला डाव्यांचा सशस्त्र उठाव झाला, आणि ऑक्टोबरात लष्कराने जाहीर केलं की किनाऱ्यापासून पाच किमीहून जास्त आत, बेटाच्या मध्याकडे, जो दिसेल तो बंडखोर. तिथली डोंगराकडची गावं जाळली. लोक लाव्हाच्या गुहांमधे लपले. १९५४ पर्यंत २५ ते ३० हजार माणसं गेली असा अंदाज, म्हणजे दहातला एक, आणि बहुतेक सरकारी बाजूनेच मारलेली. नंतर कित्येक दशकं कुणी तोंड उघडायचं नाही, राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्यून यांनी माफी मागितली ती थेट २००३ ला. तुमचं विमान जिथे उतरेल ना, त्याच विमानतळाच्या जमिनीखाली शेकडो सांगाडे सापडलेत.

आता पैसा पर्यटनाचा आणि संत्र्यांचा. संत्र्याच्या झाडाला एके काळी ‘कॉलेजचं झाड’ म्हणायचे, कारण मुलांची फी त्यातून निघायची.

दोन दिवसांत सगळं नाही होणार. एक दिवस पूर्वेकडे सोंगसान, म्हणजे समुद्रकाठचा ज्वालामुखीचा सुळका, तिथे हेन्योंचा कार्यक्रमही असतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ४·३ शांती उद्यान (४·३ म्हणजे ३ एप्रिल, १९४८ च्या त्या बळींचं स्मारक). म्हाताऱ्या माणसांशी बोलायची वेळ आली तर ‘सामचुन’ म्हणा. कोरियनमधे हा शब्द काकासाठी, पण जेजूत आजीबाईंनाही तेच म्हणतात, चुकलं असं वाटून घेऊ नका.