पैसा कमी होता हे मान्य. पण पटकथेचे काय?

प्रश्न : ‘सामुराय कॉप’ हा १९९१ सालचा अमेरिकन गुन्हेगारीपट नुकताच पाहिला आणि पोट धरून हसलो. कथेला शेंडा ना बुडखा, पोलिसांना अक्कल नाही आणि हीरोचे केस तर एकाच मारामारीत दोन प्रकारचे दिसतात. तुटपुंज्या पैशात काम केल्यावर चित्रपट असाच होणार, असे माझे मित्र म्हणतात. हे खरे आहे का? आणि इतके वाईट असूनही तो कंटाळवाणा का वाटत नाही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे निम्मे खरे आहे. ज्या चुका पैशाअभावी झाल्या आणि ज्या चुका कागदावर एक पैसाही न खर्चता दुरुस्त करता आल्या असत्या, त्यांची गल्लत आपण प्रेक्षक नेहमी करतो. केसांचेच पाहा. मुख्य चित्रण संपल्यावर नायक मॅट हॅनन याने आपले लांब केस कापून टाकले आणि काही महिन्यांनी दिग्दर्शक अमीर शेरवान यांनी उरलेली दृश्ये घेण्यासाठी त्याला पुन्हा बोलावले, तेव्हा टोप चढवण्यावाचून इलाज उरला नाही. दिव्यांचा खर्च टाळण्यासाठी बहुतेक चित्रण दिवसाउजेडी उरकले गेले आणि अनेक संवाद मागाहून भरले गेले. हा सगळा पैशाचा मामला आहे आणि त्याबद्दल लेखकाला दोष देणे बरोबर नाही, जरी येथे लेखकही शेरवानच असले तरी.

आता कागदाकडे वळू. नायक जो मार्शल याला सॅन दिएगोहून लॉस एंजेलिसला आणले आहे, त्याला जपानी भाषा अस्खलित येते आणि त्याने युद्धकलेचे शिक्षण थेट जपानमधल्या गुरूंकडून घेतले आहे, हे आपल्याला सुरुवातीलाच सांगितले जाते. समोर ‘कताना’ नावाची जपानी टोळी उभी असल्यामुळे, आता हा गडी टोळीत शिरेल, चोरून कोणाचे तरी बोलणे ऐकेल किंवा एखादी चिठ्ठी वाचेल, अशी अपेक्षा कोणीही करील. प्रत्यक्षात त्या भाषेचा तपासाला कुठेच उपयोग होत नाही. टोळीचा म्होरक्या फुजियामा जेवायला बसलेला असतो त्या हॉटेलात आपले नायकसाहेब सरळ जातात, सर्वांसमक्ष त्याला इंग्रजीत लांबलचक दम भरतात आणि बाहेर गाड्यांच्या तळावर मारामारी करतात. त्यानंतर मार्शलचा पत्ता काढण्यासाठी टोळीची माणसे त्याच्या सहकाऱ्यांच्या घरांत घुसून त्यांचा छळ करू लागतात, तेव्हा नायक त्याच हॉटेलच्या मालकिणीबरोबर प्रेमाचे चाळे करण्यात दंग असतो. सहकाऱ्यांना सावध करण्याचे एखादे वाक्य लिहायला शाईखेरीज कसलाच खर्च नव्हता.

याच्या शेजारी क्रिस्टोफर नोलन यांचा ‘फॉलोइंग’ हा १९९८ सालचा पहिला चित्रपट ठेवून पाहावा. तोही गुन्हेगारीपटच आहे. सुमारे सहा हजार डॉलरांत, १६ मिलिमीटरच्या कृष्णधवल फितीवर, मित्रमंडळींना घेऊन, शनिवारचे शनिवार साधत जवळपास वर्षभर त्याचे चित्रण चालले होते. फीत महाग असल्यामुळे आधी भरपूर तालमी करून घ्यायच्या आणि पहिल्या किंवा दुसऱ्या प्रयत्नातच दृश्य पदरात पाडून घ्यायचे, असा तिथला शिरस्ता होता. म्हणजे पैशाची ओढाताण दोन्हीकडे होती. मात्र तिथला बेकार तरुण, अनोळखी माणसांचा पाठलाग करण्याच्या आपल्या विचित्र छंदाला, एकाच माणसाचा दुसऱ्यांदा पाठलाग करायचा नाही असा नियम घालून घेतो, तो नियम मोडतो, आणि पुढचे सगळे कथानक त्या मोडण्यातून जन्माला येते. पहिल्या काही मिनिटांत पेरलेली गोष्ट शेवटपर्यंत कामाला येते. जो मार्शलची जपानी भाषा मात्र पेरली जाते आणि तिथेच विसरली जाते.

राहिला कंटाळ्याचा प्रश्न, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. खरोखर कंटाळवाणी पटकथा बहुधा गुळमुळीत असते. तिच्यातला खलनायक “त्याला संपवा” म्हणतो आणि विषय मिटतो. शेरवान असे कधीच लिहीत नाहीत. सुरुवातीच्या पाठलागात टोळीचा एक माणूस भाजून पोलिसांच्या पहाऱ्यात इस्पितळात पडतो. तो तोंड उघडील या भीतीने म्होरक्याला तो मेलेला हवा असतो (चित्रपटात कार्यकारणभाव नीट जुळलेली ही जवळजवळ एकमेव जागा आहे), आणि तेव्हा त्याचा उजवा हात यामाशिता त्या माणसाचे मुंडके आणून फुजियामाच्या पियानोवर ठेवण्याचा शब्द देतो. पियानोवरच का? या प्रश्नाला उत्तर नाही, पण तो पियानो आपण विसरू शकत नाही. संवाद इतका ठाशीव आणि तर्क इतका पोकळ, असा योग क्वचितच जुळून येतो. शेरवान क्रांतीपूर्व इराणच्या चित्रपटसृष्टीत मुरलेले दिग्दर्शक होते आणि अमेरिकेत जाऊन परक्या भाषेत लिहीत होते. त्यामुळे त्यांची पात्रे कोणताही अमेरिकन माणूस बोलणार नाही असे इंग्रजी बोलतात, पण बोलतात ते छातीठोकपणे. रॉबर्ट झदार यांचा यामाशिता पाहा. तो नट एका वाक्यालाही हसत नाही, आणि म्हणूनच आपल्याला हसता येते.

प्रश्न : मग अशी पटकथा मुद्दाम लिहिली, तर तितकीच मजा येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तो प्रयोग याच चित्रपटावर होऊन गेला आहे. चाहत्यांनी इंटरनेटवर वर्गणी भरली आणि २०१५ मध्ये दुसरा भाग आला. हॅनन हयात नाही अशी वदंता बरीच वर्षे होती. तोही त्यात नायक म्हणून परतला. मात्र या वेळी आपण काय करतो आहोत हे सर्वांना पक्के ठाऊक होते. पात्र चुकीचे वाक्य बोलते आणि प्रेक्षक हसला का म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहते, असे सारखे वाटत राहते. पहिल्या भागातल्या घोडचुकांमागे एक सरळसोट थरारपट करण्याची धडपड होती आणि ती फसलेली पाहण्यात गंमत होती. दुसऱ्यात फसण्यासारखे काही ठरवलेलेच नाही. आपण पहिला भाग पाहिला नसेल तर तो चार मित्रांना जमवून पाहावा. दुसरा राहिला तरी हरकत नाही.