ब्रेक निकामी झालेली भाड्याची सायकल आणि सही केलेला इंडेम्निटी फॉर्म

प्रश्न : मी नाशिकच्या इंदिरानगरमध्ये राहते. गेल्या नोव्हेंबरमध्ये मी, माझे पती आणि दोन मैत्रिणी अशा चौघांनी त्र्यंबकेश्वर ते वैतरणा या भागातील सात दिवसांची माउंटन बायकिंगची सहल घेतली. आयोजक पुण्याचा आहे. शेतावरच्या कॉटेजमधील मुक्काम, जेवण, आयोजकाच्या सायकली आणि वाटाड्या धरून प्रत्येकी 24,000 रुपये, शिवाय सायकलींची अनामत 20,000 रुपये, असे पैसे मी भरले. पहिल्या दोन रात्री दोन कॉटेजऐवजी चौघांना पत्र्याच्या एकाच खोलीत ठेवले. दुसऱ्या दिवसापासून माझ्या सायकलच्या पुढच्या ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकत होता. मी सांगितल्यावर वाटाड्याने तो पान्याने कसला आणि ‘चालेल’ म्हणाला. पाचव्या दिवशी उतारावर ब्रेक लागलाच नाही. मी पडले, डावे मनगट मोडले आणि प्लेट बसवावी लागली. आयोजक म्हणतो की आपण इंडेम्निटी फॉर्मवर सही केली आहे, सायकलच्या नुकसानीपोटी अनामत जप्त केली आहे आणि वाद असेल तर तो पुण्यातच चालेल. मी काय करावे?

उत्तर : आपण सही केलेल्या फॉर्मची प्रत मी काळजीपूर्वक वाचली. ‘सहलीत होणाऱ्या कोणत्याही इजेस आयोजक जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य त्यात आहे आणि त्याला घाबरून आपण दोन महिने गप्प राहिलात, याचे मला वाईट वाटते. या सहीने आपण डोंगराचा धोका पत्करला, असे फार तर म्हणता येईल. ओल्या दगडावरून चाक घसरणे, चढावर दम लागणे किंवा वळणाचा अंदाज चुकणे हे त्या धोक्यात येते. आयोजकाने दिलेल्या सायकलचा ब्रेक नादुरुस्त असणे त्यात येत नाही, कारण चालू स्थितीतली सायकल देणे हेच तर त्याने पैसे घेऊन पत्करलेले काम होते.

येथे आपला सर्वात भक्कम आधार भारतीय करार अधिनियम, 1872 मधील कलम 150 हा आहे आणि खेदाची गोष्ट अशी की अशा तक्रारींमध्ये त्याचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणाऱ्याने तिच्यातील आपल्याला माहीत असलेले दोष सांगितले पाहिजेत, असे ते कलम म्हणते. परंतु वस्तू भाड्याने दिलेली असेल तर ते एक पाऊल पुढे जाते आणि दोष देणाऱ्याला ठाऊक होता की नव्हता याचा विचार न करता त्यातून झालेल्या हानीची जबाबदारी त्याच्यावर टाकते. सायकलींचे भाडे सहलीच्या रकमेत धरलेले होते, म्हणून ‘आम्हाला दोष माहीत नव्हता’ हा बचाव त्याला उपलब्ध नाही. आपल्या बाबतीत तर तो दोष त्याच्या माणसाला दुसऱ्याच दिवशी सांगितला गेला होता. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकतो तेव्हा बहुधा तेलाच्या नळीत हवा शिरलेली असते किंवा गळती असते आणि बाहेरून पाना फिरवून ती जात नाही. ही गोष्ट एखाद्या जाणकार सायकल मेकॅनिककडून लेखी घ्यावी.

आयोजकाच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. ब्रेक सैल आहे हे माहीत असूनही आपण तीन दिवस तीच सायकल चालवली, हा मुद्दा तो नक्की उपस्थित करील आणि ग्राहक आयोगाने तो अंशतः मान्य केला तर भरपाईची रक्कम कमी होऊ शकते. त्याचे उत्तर असे की आपण लगेच तक्रार केली होती आणि सायकल चालवण्यायोग्य आहे असे त्याच्याच जबाबदार माणसाने सांगितले होते. म्हणून वाटाड्याचे ते शब्द ज्यांनी ऐकले, त्या दोन्ही मैत्रिणींची शपथपत्रे माझ्या दृष्टीने डॉक्टरांच्या कागदांइतकीच मोलाची आहेत. व्हॉट्सॲप ग्रुपवरील संदेश व छायाचित्रे फोनमधून पुसू नयेत. ती दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र जोडणे हिताचे ठरेल.

अनामतीच्या बाबतीत आयोजकाने स्वतःच्याच विरुद्ध पाऊल टाकले आहे. भाड्याच्या वस्तूची सामान्य माणूस घेईल तितकी काळजी घेणाऱ्यावर, वेगळा करार नसल्यास, तिच्या नुकसानीचा भार येत नाही, असे करार अधिनियमाची कलमे 151 आणि 152 सांगतात. आणि वेगळी अट असली तरी कलम 74 प्रमाणे वाजवी भरपाईपलीकडे रक्कम ठेवून घेता येत नाही. तेव्हा आयोजकाला पाठवायच्या नोटिशीत दुरुस्तीचे तपशीलवार बिल अवश्य मागावे. त्या बिलात पुढच्या ब्रेकचे काम आढळले, तर तो आपल्याच बाजूचा पुरावा होईल. बिल दिलेच नाही, तर 20,000 रुपये कशासाठी ठेवले याचे उत्तर त्याला आयोगापुढे द्यावे लागेल. सायकल आहे त्या स्थितीत जपून ठेवावी आणि तपासणीसाठी उपलब्ध करावी, ही मागणी आजच ईमेलने व रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावी. ती नोटिशीसाठी थांबवू नये.

दाद ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली मागावी. पुण्याच्या अटीची चिंता नको. कलम 34 नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला जाता येते, शिवाय अपघातही नाशिक जिल्ह्यातच झाला आहे. जिल्हा आयोगाचा अधिकार मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर मोबदला म्हणून दिलेल्या रकमेवर ठरतो. ती मर्यादा आता 50 लाख रुपये आहे आणि 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. आपण चौघांचे मिळून 96,000 रुपये भरलेत. तक्रार अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल झाली पाहिजे. आपली बाजू आपण स्वतः मांडू शकता, वकील सक्तीचा नाही. हा अपघात मोटार वाहनाचा नसल्यामुळे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा मार्ग मात्र येथे नाही.

एका गोष्टीत सावध राहावे. ‘फॉर्ममधील अट रद्द ठरवावी’ अशी मागणी तक्रारीत घातल्यास ती अनुचित कराराची, म्हणजे ग्राहकावर एकतर्फी अटी लादणाऱ्या कराराविरुद्धची, तक्रार ठरण्याचा संभव आहे आणि तिचा अधिकार जिल्हा आयोगाला नसून राज्य आयोगाला आहे. म्हणून मागणी सेवेतील त्रुटीची ठेवावी आणि अट त्रुटीला झाकू शकत नाही, एवढाच युक्तिवाद करावा. पाहुण्यांच्या सुरक्षेकडे दुर्लक्ष हा सेवेतील दोषच आहे, हे केरळ पर्यटन विकास महामंडळाच्या हॉटेलमधील जलतरण तलावात बुडून झालेल्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये मान्य केले. तेथील जीवरक्षकाला बारचेही काम दिलेले होते.

कॉटेजचा मुद्दा लहान आहे, तरी सोडू नये. जाहिरातीतील छायाचित्रे आणि पत्र्याच्या खोलीचे छायाचित्र शेजारी ठेवून दोन रात्रींच्या भाड्यातील फरक मागावा. कॉटेज ज्यांच्या शेतावर आहे त्या शेतकरी कुटुंबाला मात्र प्रतिवादी करू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे. त्यांच्याकडे जादा पाहुणे आयोजकाने पाठवले होते, पैसेही त्यानेच घेतले होते आणि अपघातानंतर आपल्याला घोटीच्या दवाखान्यात त्यांनीच पोहोचवले, असे आपणच लिहिले आहे.

महाराष्ट्र शासनाचे साहसी पर्यटन धोरण 2021 पासून लागू आहे आणि त्याखाली आयोजकांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. या आयोजकाची नोंदणी होती काय, हे माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून विचारावे. नोंदणी नसल्याचे उत्तर आले, तर निष्काळजीपणा दाखवण्यास त्याची मदत होईल.

रक्कम मागताना हात आखडता घेऊ नये आणि फुगवूही नये. पहिले चार दिवस आपण सायकल चालवलीत, त्यामुळे संपूर्ण सहलीचे पैसे परत मागणे टिकणार नाही. आपले व पतीचे वाया गेलेले दिवस, अनामत, रुग्णालयाची बिले, फिजिओथेरपी, बुडालेला पगार आणि वेदनेची भरपाई यांचा हिशेब वेगवेगळा द्यावा. प्लेट पुढे काढावी लागणार असेल, तर त्या शस्त्रक्रियेच्या अंदाजित खर्चाचे पत्र डॉक्टरांकडून आताच घेऊन तोही याच तक्रारीत मागावा, कारण त्याच अपघातासाठी नंतर दुसरी तक्रार टिकवणे फार अवघड असते.