गायरानात पवनचक्क्या येणार म्हणतात, गावाला विरोध करता येतो का?

येतो, नक्की येतो. पण मोर्चा काढायच्या आधी त्या सर्व्हे नंबरचा उतारा काढा. कर्नाटकात तो 'भूमी' या सरकारी जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर कन्नडमध्ये मिळतो. त्यात 'गोमाळ' असेल तर ते आपलं गायरानच. महसूल नियमांप्रमाणे दर 100 जनावरांमागे 12 हेक्टर चराई राखायची असते. म्हणून गावातली जनावरं स्वतः मोजा. माझ्या मते सगळ्यात भक्कम मुद्दा हाच.

जनसुनावणीची वाट बघत बसू नका. ती ज्या यादीतल्या प्रकल्पांसाठी होते, त्या 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाहीच. वनजमीन असेल तर मात्र वेगळी परवानगी लागते.

"खांबापुरतीच जागा जाते" असं सांगतील, त्यावर जाऊ नका. आमच्या माळावर पात्यांच्या लांबलचक ट्रेलरसाठी रस्ता रुंद केला, मुरूम टाकून ओढा बुजवला. आता शेळ्या पाण्यावर न्यायच्या तर केवढा वळसा पडतो!

अर्ज बिनधास्त मराठीत द्या, घटनेच्या 350 व्या कलमाने तो हक्क दिलाय. सोबत कन्नड प्रत जोडलीत तर तहसीलदार कचेरीत कागद लवकर हलतो. पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.