वाचकांचे प्रश्न : स्टोनहेवनला जाताना

मुलगा किंवा मुलगी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला शिकायला असलेल्या पालकांची पत्रं या सदराकडे येतात आणि त्यात एका लहानशा बंदराच्या गावाचं नाव पुन्हा पुन्हा दिसतं : स्टोनहेवन. म्हणून या वेळचे सगळे प्रश्न त्याच गावाबद्दलचे घेतले आहेत.

मुलीकडे पंधरा दिवस राहणार आहोत. स्टोनहेवन एका दिवसात होतं का? आणि कोणत्या महिन्यात जावं? (जळगाव)

स्टोनहेवन ॲबर्डीनच्या दक्षिणेला साधारण २४ किलोमीटरवर आहे. रेल्वेने पंधरा-वीस मिनिटं लागतात. मात्र स्थानक गावाच्या वरच्या अंगाला आहे. तिथून बंदरापर्यंत पायी वीस-पंचवीस मिनिटं धरा. एका दिवसात डनॉटर किल्ला आणि बंदर होतं. पक्ष्यांचे कडे आणि पोहण्याचा तलावही हवा असेल तर एक मुक्काम करा, नाहीतर सगळा दिवस घड्याळ बघण्यातच जाईल.

मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. तेव्हा कड्यांवर पक्षी असतात, तलाव उघडलेला असतो आणि गाव ५७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड राहतो. त्यामुळे सकाळी पाऊस लागला तरी दिवस वाया जात नाही, संध्याकाळी सहाला निघूनही चार तास हातात असतात.

मुक्कामासाठी घर घेणार असाल तर एक गोष्ट बघा. स्कॉटलंडमध्ये पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी घर द्यायला परवाना लागतो आणि त्याचा क्रमांक जाहिरातीत छापावा लागतो. क्रमांक नसेल तर ते घर सोडून द्या.

डनॉटर किल्ला बघायचा आहे. सोबत सासूबाई आहेत, वय ६८, गुडघे दुखतात. लळिंग त्यांनी तरुणपणी चढला होता. जमेल का? किल्ल्यात बघण्यासारखं काय आहे? (धुळे)

आत जाणं जमणार नाही, पण किल्ला बघणं नक्की जमेल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

किल्ला समुद्रात घुसलेल्या एका खडकावर आहे. खडकाची उंची सुमारे ५० मीटर. जमिनीच्या बाजूने सरळ वाट नाही. आधी कड्यावरून खाली, जवळजवळ समुद्राच्या पातळीपर्यंत उतरायचं आणि मग पुन्हा दरवाज्याकडे चढायचं. पायऱ्या दोनशेहून जास्त आहेत. परतताना तोच उतार-चढ पुन्हा, आणि गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त जाचतो. व्हीलचेअरची सोय नाही. मात्र संपूर्ण खडक आणि त्यावरच्या इमारती एका नजरेत दिसतात त्या पायऱ्या सुरू होण्याआधीच्या कड्यावरून. छायाचित्रांत दिसतो तो देखावा तिथलाच. त्यामुळे गाडीने किल्ल्याच्या वाहनतळापर्यंत जा, सासूबाईंना तिथवर सावकाश चालवत न्या आणि बाकीच्यांनी आळीपाळीने आत जाऊन या.

ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी गावातून चालतच जावं. बंदराच्या मागून तीव्र चढ आहे, वर पहिल्या महायुद्धाचं स्मारक लागतं. ते मुद्दामच अर्धवट पडलेल्या मंदिरासारखं बांधलं आहे. पुढे शेतांच्या कडेने कड्यावरची वाट. एकूण अंतर अडीच-तीन किलोमीटर, वेळ पाऊण ते एक तास. ही जमीन पावसात घसरते, म्हणून वाटेचा एखादा तुकडा बंद करून वळसा दिलेला असू शकतो. ‘बंद’ची पाटी असेल तर कुंपण ओलांडू नका. तिथला खडक आपल्या सातपुड्यातल्या काळ्या पाषाणासारखा एकसंध नाही. गोल गोटे वाळूत बसून घट्ट झालेला तो दगड आहे. काठावरचे गोटे सुटतात आणि गवताखाली पोकळी आहे की नाही हे वरून कळत नाही.

निघण्याआधी सकाळी किल्ल्याच्या संकेतस्थळावर त्या दिवशी उघडा आहे का ते बघा. पावसाने सहसा बंद होत नाही, जोराच्या वाऱ्याने होतो, कारण पायऱ्या उघड्यावर आहेत. हिवाळ्यात बर्फामुळेही बंद ठेवतात. अनेकांची चूक होते ती तिकिटात. स्कॉटलंडच्या सरकारी वारसास्थळांचा एकत्र पास इथे चालत नाही, कारण किल्ला खाजगी मालकीचा आहे.

आत काय बघाल? हा कीथ घराण्याचा किल्ला. मुख्य मनोऱ्याचं बांधकाम चौदाव्या शतकाच्या अखेरचं. सर्वांत महत्त्वाचा प्रसंग १६५१-५२चा. इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या फौजा स्कॉटलंडभर पसरल्या तेव्हा राजमुकुट, राजदंड आणि राजखड्ग या किल्ल्यात आणून ठेवले होते. सुमारे आठ महिने वेढा पडला. जॉर्ज ओगिल्वी या किल्लेदाराकडे माणसं होती सत्तरच्या आसपास. मे १६५२मध्ये किल्ला पडला तेव्हा इंग्रजांच्या हाती तो ऐवज लागलाच नाही. दक्षिणेकडच्या किनेफ गावच्या पाद्र्याची पत्नी ख्रिश्चन फ्लेचर हिने तो आधीच बाहेर काढला होता. कसा, याच्या दोन कथा आहेत : एकीत तो कड्यावरून खाली शेवाळ गोळा करणाऱ्या बाईकडे सोडला, दुसरीत फ्लेचरबाईंनी जवसाच्या धाग्यांच्या गठ्ठ्यात लपवून नेला. पुढे १६६०पर्यंत तो किनेफच्या चर्चच्या फरशीखाली पुरलेला होता. आज तो एडिंबरा किल्ल्यात बघायला मिळतो. एडिंबरा करणार असाल तर डनॉटर आधी करा, मग तिथे त्या काचेपुढे उभं राहण्याला अर्थ येतो.

दुसरी जागा ‘व्हिग्ज व्हॉल्ट’ हे तळघर. १६८५मध्ये राजाचा धर्माधिकार न मानणाऱ्या १२२ पुरुषांना आणि ४५ स्त्रियांना इथे कोंडलं होतं. आत उभं राहून ती संख्या मनात धरा, मग खोलीचा आकार बघा. आज इमारतींना छपरं नाहीत त्याचं कारण लढाई नाही. १७१५च्या जॅकोबाइट उठावात (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठीच्या बंडात) कीथ घराण्याचा दहावा अर्ल, म्हणजे सरदार, सामील झाला, जहागीर जप्त झाली आणि १७१८मध्ये किल्ल्यातलं उपयोगी सामान विकून टाकलं. दुरुस्ती सुरू झाली ती थेट १९२५मध्ये.

जूनमध्ये जातोय. तिकडे उन्हाळा असतो ना? मग स्वेटर कशाला? (चोपडा)

जूनमध्ये तिथे दुपारचं तापमान १५ ते १८ अंश असतं. आपल्याकडे डिसेंबरातल्या पहाटे एवढी थंडी असते. पण त्रास देतो तो वारा. जाड स्वेटर एकटा निरुपयोगी, वारा त्याच्यातून आरपार जातो. आत अंगाला चिकटणारा पातळ थर, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं टोपीचं जॅकेट, असे तीन थर ठेवा. सुती बनियन घामाने भिजलं की अंगावरच गार पडतं, म्हणून आतला थर सुती नको. छत्री घरी ठेवा, तिथे ती पहिल्याच तासात उलटी होते. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही.

पूर्व किनाऱ्यावर ‘हार’ नावाचं समुद्री धुकं येतं. उबदार हवा गार नॉर्थ सीवरून वाहताना थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होऊन धुक्याची भिंत किनाऱ्याला येऊन टेकते. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये, विशेषतः पूर्वेचा वारा असताना हे होतं. ॲबर्डीनहून निघताना लख्ख ऊन आणि किल्ल्यावर दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, असं घडू शकतं. अशा वेळी कड्यावरची वाट सोडा, गावातलं संग्रहालय करा. बरेचदा दुपारपर्यंत धुकं विरतं.

पक्षी बघायला फाउल्सह्यूला जावं म्हणतात. मुलांना घेऊन जाणं सुरक्षित आहे का? (भुसावळ)

गावापासून साधारण पाच किलोमीटर दक्षिणेला क्रॉटन नावाची वस्ती आहे, तिथून कड्यावरची पायवाट सुरू होते. प्रवेशाला पैसे नाहीत. वाहनतळ फारच लहान आहे, दहा वाजायच्या आत पोचा.

एप्रिल ते जुलै या काळात गिलेमॉट, रेझरबिल आणि किटिवेक हजारोंनी या कड्यांवर अंडी घालतात. गिलेमॉट घरटं बांधतच नाही, उघड्या दगडी कपारीवर एकच अंडं घालते. कडा नागमोडी असल्यामुळे एका टोकावर उभं राहून समोरच्या भिंतीवरचे पक्षी दिसतात. वाकून खाली बघायची गरज नसते. पफिन थोडेच आहेत, संध्याकाळी दिसायची शक्यता जास्त. दुर्बीण हवीच. ऑगस्ट लागला की कडे रिकामे होतात. ‘सुट्टीत ऑगस्टमध्ये जाऊ’ म्हणणाऱ्यांना तिथे फक्त पांढरे डाग आणि वास मिळतो.

लहान मुलांचा हात सोडू नका, सगळीकडे कठडा नाही. शिवाय आपल्या खानदेशाला समुद्र नाही, त्यामुळे भरती-ओहोटीचा हिशेब अंगवळणी पडलेला नसतो. तापीचं पाणी वाढतं ते पावसाने. इथे आभाळ निरभ्र असतानाही साधारण सव्वासहा तासांत ओहोटीची भरती होते, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं पुढे जाते. कड्याखालच्या खडकांवर उतरायचं असेल तर ओहोटीच्या तळापूर्वी एक-दीड तास उतरा आणि पाणी फिरताच वर या. अडकलात तर ९९९ लावून ‘कोस्टगार्ड’ मागा.

वाटेत शेताचं फाटक उघडलं तर लावून घ्या. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने कुणालाही शेता-रानातून जबाबदारीने चालायचा हक्क आहे. वासरं असलेल्या गाईंच्या कळपातून मात्र जाऊ नका. उंच गवतातून आल्यावर मुलांच्या पोटऱ्या, गुडघ्यामागची जागा नीट तपासा. गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल किंवा काडीपेटी लावू नका, त्याने ती जास्त लाळ सोडते आणि आजाराचा धोका वाढतो.

तापीत पोहणारा माणूस आहे. तिथल्या समुद्रात पोहता येईल का? (शहादा)

तुमच्या पोहण्याबद्दल शंका नाही, पाण्याबद्दल आहे. भर उन्हाळ्यातही नॉर्थ सीचं पाणी तिथे १२ ते १४ अंशांचं असतं. इतक्या गार पाण्यात उडी मारली की श्वास आपोआप जोरात ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. पट्टीचे पोहणारे बुडतात ते याच पहिल्या एक-दोन मिनिटांत. त्या वेळी पोहायची घाई करायची नाही. उताणं तरंगायचं आणि श्वास ताब्यात आला की हात मारायचे.

त्यापेक्षा गावातला उघड्यावरचा तलाव बघा. १९३४चा, ५० मीटर लांब, गाळलेलं समुद्राचंच पाणी, पण २९ अंशांपर्यंत तापवलेलं. मेच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. उन्हाळ्यात काही बुधवारी रात्री बारापर्यंत पोहू देतात. आमच्या मते गावातली ही सर्वांत मजेची गोष्ट आहे.

आम्ही शुद्ध शाकाहारी. खायचं काय? आणि घरून काय नेता येईल? (अमळनेर)

फसवतात ते निरुपद्रवी दिसणारे पदार्थ. मसूरडाळीचं सूप तिथे घरोघरी होतं, पण परंपरेने डुकराच्या हाडाच्या रश्शात शिजवतात. ‘रोवी’ किंवा ‘बटरी’ नावाचा ॲबर्डीनकडचा खारा, पापुद्र्यांचा पाव दिसायला आपल्या खारीचा भाऊ, पण त्यात डुकराची चरबी असते. बटाट्याच्या चिप्स काही दुकानांत गाईच्या चरबीत तळतात, आणि वनस्पती तेल असलं तरी कढई माशांचीच असते. प्रत्येक ठिकाणी ‘व्हेजिटेरियन आहे का’ एवढंच न विचारता ‘कशात तळलंय, सूप कशाच्या पाण्यात केलंय’ असं विचारा. हॅगिस हा मूळचा मांसाचा स्कॉटिश पदार्थ, पण भाज्या-कडधान्यांचा शाकाहारी हॅगिस मात्र बिनधास्त खा, मसालेदार असतो.

घरून दूध-दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत : पेढे, खवा, तूप सगळं बाद. भरिताची वांगी, हिरव्या मिरच्या अशा ताज्या भाज्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणजे त्याही बाद. गंमत अशी की केळ्यांना ते लागत नाही. पण जळगावहून केळी वाहून नेणाऱ्याने पोचल्यावर बॅग उघडताना तक्रार करू नये. काळा मसाला, बिबड्या, जाड शेव आणि कळण्याचं पीठ बंद पाकिटांत न्या. शेवभाजी आणि भाकरी दोन्ही होतात. तव्याचा बूड सपाट आणि लोखंडी असू द्या, शेगडी इंडक्शनची असू शकते. मिरचीची फोडणी घालण्याआधी पंखा सुरू करा आणि खिडकी उघडा. तिथल्या घरांत आगीचे भोंगे एकमेकांना जोडलेले असणं कायद्याने बंधनकारक आहे. एक वाजला की सगळे वाजतात.

माझं टायरचं दुकान आहे. हवेच्या टायरचा शोध याच गावच्या माणसाने लावला हे खरं का? (पाचोरा)

खरं आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन, जन्म स्टोनहेवन, १८२२. पेटंट १८४५चं, म्हणजे डनलॉपच्या चाळीसहून अधिक वर्षं आधीचं. तेव्हा सायकली-मोटारी नव्हत्या आणि पातळ रबर महाग होतं, म्हणून ते चाललं नाही. बाजारचौकात त्याच्या नावाची पाटी आहे.

३१ डिसेंबरला तिथे आगीचे गोळे फिरवतात म्हणे. जावं का? (नंदुरबार)

थंडी सोसणार असेल तर जा. जुन्या गावातल्या हाय स्ट्रीटवर रात्री बाराच्या ठोक्याला चाळीसेक माणसं तारेच्या जाळीत पेटवलेले गोळे डोक्याभोवती फिरवत चालतात आणि शेवटी ते बंदराच्या पाण्यात फेकतात. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं उरकतं. रस्ता अरुंद, गर्दी मोठी. अकराच्या आत कठड्याला लागून जागा धरा. ठिणग्या उडतात, नायलॉनचं जॅकेट लगेच भोकं पाडून घेतं, त्यामुळे वरचा थर लोकरीचा ठेवा. त्या रात्री रेल्वे लवकर बंद होते आणि १ जानेवारीला जवळजवळ नसतेच. परतीची गाडी किंवा गावातली खोली आधी ठरवा, मगच विमानाचं तिकीट काढा.